शेपूट आल्याशिवाय

नवरा-बायकोने शेजारी शेजारी सायकल चालवायची नाही, हा आमच्या सहलीत पीटीच्या बाईंचा पहिला नियम. जोडपी बोलत बोलत चालवतात, बोलता बोलता भांडतात, आणि भांडण रंगलं की रस्त्यात थांबतात. मग मागची सगळी रांग खोळंबते, असं त्यांचं म्हणणं. बाईंचा अर्धा जन्म शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. नियम ऐकून मला आधी राग आला. मग हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटली, कारण गेलं वर्षभर मी ह्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होते आणि आता ते काम दिवसातून काही तास का होईना, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार होतं.

दुसरा नियम वळणाचा. बाई सगळ्यांच्या पुढे. वळण आलं की त्यांच्या पाठोपाठ जो असेल त्याला त्या तिथे उभं करायच्या. त्याने हात लांब करून दिशा दाखवायची, आणि मागच्यांनी तो हात बघून वळायचं. सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणायचो. त्याच्या अंगात लांबून दिसेल अशी नारिंगी बंडी. शेपूट आलं की वळणावरच्या माणसाची सुटका. त्याने सायकलवर बसायचं आणि शेपटाच्या पुढे लागायचं. शेपूट आल्याशिवाय मात्र जागचं हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. नकाशा नको, फोन नको. याच पद्धतीने शाळेची पोरं डोंगर ओलांडून नेली आणि एकही न हरवता आयांच्या ताब्यात दिली, असं बाई छाती ठोकून सांगायच्या.

हरवणं हा शब्द मला ऐकवायचा नाही. ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते बंद करून काही वर्षं झाली. मागच्या वर्षी एका सकाळी हे पाव आणायला सायकल घेऊन गेले ते थेट जुन्या दुकानी. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या शटरला हे आमच्या घराची किल्ली लावून बघत होते, आणि लागत नाही म्हणून किल्लीवर चिडत होते. तो मोबाइलवाला भला माणूस, त्याने ह्यांना चहा पाजला आणि मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. सुरुवात म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

लेक विम्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर तिच्या टेबलावर दुसऱ्यांचे अपघात येऊन पडतात, त्यामुळे तिला घराबाहेरची प्रत्येक गोष्ट अपघातासारखीच दिसते. किल्लीचं ऐकल्यावर तिने सायकल विकायला काढली. मी मध्ये पडले. तिला सांगितलं, घरात हे एकच गोष्ट तीनदा विचारतात, चहात मीठ घालतात, तुला आत्याच्या नावाने हाक मारतात. पण सायकलवर बसले की पूर्वीचे होतात. शीळ घालतात. खड्डा आला की मागे न बघता मला हाताने खूण करतात, लग्न झाल्यापासून करतात तशी. तेवढंच माझ्याकडे उरलंय, ते तू विकू नकोस. बरीच रडारड झाली, आणि शेवटी तिने या सहलीला होकार दिला, पण अट घालून. बाबा एकदा जरी हरवले तरी ती त्याच दिवशी गाडी घेऊन येणार, दोघांना घरी नेणार, आणि सायकल कायमची बंद. हे समोरच बसले होते. ते म्हणाले, हरवलो तर तू म्हणशील तसं.

तर असे आम्ही चार राज्यं ओलांडून समुद्र बघायला निघालेलो. सगळेच साधारण आमच्या वयाचे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. राज्याची हद्द आली की सगळे पाटीखाली उभे राहून फोटो काढायचे. हे मात्र पाटीच्या खांबावर थोपटायचे, आपल्याच माणसाच्या पाठीवर थोपटावं तसे. मी आयुष्यभर पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवली, त्यामुळे मुक्कामाला पोचलं की माझ्यासमोर उसवलेल्या चड्ड्यांची रांग. सीटवर घासून घासून कुणाची कुठे फाटली आहे हे मला जितकं ठाऊक होतं तितकं त्यांच्या बायकांनाही नसेल.

शेपूट होते दातांचे डॉक्टर. आमच्यात वयाने लहान, दणकट, आणि आपण शेपूट आहोत याचा त्यांना राजमुकुट असल्यासारखा अभिमान. एरवी माणूस वाईट नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना सुचवलं की शहर आलं की काकांना सामानाच्या टेंपोत बसवावं, उगीच जोखीम नको. मी तिथेच चहा पीत होते. मी विचारलं, एक दात किडला म्हणून तुम्ही अख्खा जबडा काढता का? त्यानंतर ते माझ्याशी जपून बोलायला लागले, पण शंका त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. हे बाटली कुठे विसरले की डॉक्टर माझ्याकडे बघायचे, आणि मी दुसरीकडे बघायचे.

तिसऱ्या राज्यात शिरलो त्या दिवशी मुक्काम एका शाळेच्या वसतिगृहात होता. गावाच्या बराच अलीकडे एक फाटा आहे. मोठा रस्ता सरळ गावात जातो, आणि डावीकडचा लहान रस्ता झाडांतून वसतिगृहाकडे. कोपऱ्यावर एक बेकरी. बाईंनी तिथे ह्यांना उभं केलं होतं. मी रांगेच्या मधोमध होते. हे विजेच्या खांबाला सायकल टेकवून, डावा हात ताठ करून उभे होते, चेहरा असा की राष्ट्रपतींची गाडी जायची आहे. जाता जाता मी म्हटलं, हात दुखेल, जरा वाकवा. ते म्हणाले, वाकवला तर लोक खड्ड्यात जातील. मी हसतच वळले.

वसतिगृहात पोचून मी आंघोळ केली, कपडे धुतले, दोरीवर वाळत टाकले. ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत असतो, कारण त्यांच्याकडे दिला की तो रस्त्यावर भेटेल त्याचा होतो. काळजी नव्हती. वळणावरचा माणूस शेपटाच्या पुढे येतो, म्हणजे सगळ्यांत उशिरा येणार हे ठरलेलंच. मग चहा आला. चहाला डॉक्टर दिसले. बंडी अंगात, केस ओले, हातात बिस्किट. मी विचारलं, हे कुठे आहेत?

डॉक्टर म्हणाले, "काका? माझ्या पुढे नव्हते ते. मला वाटलं कधीच पोचले."

मी चहा तिथेच ठेवला. खोल्या बघितल्या, मोरी बघितली, मागचं मैदान बघितलं. बाईंनी शिट्टी फुंकली, जणू शिट्टी ऐकून हे झाडामागून निघणार होते. कुणी म्हणालं, मधेच कुठे वळले असतील. कुणी म्हणालं, त्यांना तसं होतं ना कधी कधी. डॉक्टरांनी मात्र एका कोपऱ्यात जाऊन फोन लावला. संकटात कुणाला कळवायचं म्हणून सगळ्यांच्या घरचे नंबर त्यांच्याकडे होते. थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई, आता पुरे. मी गाडीत पेट्रोल भरून निघते. बाबा सापडले की ती सायकल तिथेच कुणाला तरी देऊन टाक."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सापडू देत, एवढंच मनात होतं. सायकल गेली खड्ड्यात. पण हेही कळत होतं की सायकल गेली की हेही हळूहळू जाणार, आणि हे मी तिला कितीही सांगितलं तरी आज माझं ऐकायला तिच्याकडे कारणच उरलं नव्हतं.

टेंपोवाल्याने टेंपो काढला. गल्लीबोळात टेंपो शिरणार नाही म्हणून मी माझी सायकलही टेंपोत टाकली. डॉक्टर न बोलवता येऊन बसले. मी टेंपोवाल्याला सांगितलं, गावातली चष्म्याची सगळी दुकानं दाखव. माझ्या डोक्यात ती किल्ली होती. वाटलं, आपल्याच दुकानात आलोय असं समजून हे कुठेतरी काउंटरमागे जाऊन बसले असतील आणि एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर तपासत असतील. पहिल्या दुकानात नव्हते. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने मलाच चष्मा दाखवायला सुरुवात केली, त्याच्यावर मी उगीचच खेकसले. तिसरं दुकान एका तरुण बाईचं. तिने मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि शांतपणे विचारलं, शेवटी कुठे दिसले होते?

मी म्हटलं, फाट्यावर. बेकरीपाशी. उभे होते.

आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. मी डॉक्टरांकडे वळले. विचारलं, फाट्यावर तुम्ही ह्यांना सोडवलंत तेव्हा ते कसे दिसत होते? दमलेले, गोंधळलेले?

 डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला, भूल दिलेल्या गालासारखा.

"मी फाट्यावरून आलोच नाही," ते म्हणाले.

त्यांची चेन फाट्याच्या अलीकडेच तुटली होती. मागून टेंपो आला, त्यात सायकल टाकून ते बसले, आणि टेंपो फाट्याच्या आधीच बायपासला वळून गावाबाहेरून आला. शेपूट टेंपोत बसून आलं हे कुणाला दिसू नये म्हणून ते वसतिगृहाच्या अलीकडेच उतरले आणि सायकल हातात धरून मागच्या दाराने आत शिरले. टेंपोवाल्याला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायची त्याला सवय नाही. नाकापेक्षा मोती जड झाला तो असा.

एरवी मी त्या माणसाला तिथेच सोलून काढलं असतं. पण मला वेळ नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत मी चष्म्याची दुकानं पालथी घालत होते. आम्ही सगळे गृहीत धरून बसलो होतो की चूक झाली असेल तर ती ह्यांचीच. मीसुद्धा. डॉक्टरांनी निदान शंका तोंडावर बोलून दाखवली होती. मी ह्यांची बाजू घेऊन जगाशी भांडत होते आणि आतून मात्र ते कधी हरवतात याची वाट बघत होते.

फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हे तिथेच होते. त्याच खांबापाशी. डावा हात पुढे, आणि तो खाली पडू नये म्हणून उजव्या हाताने कोपराला आधार दिलेला. डोक्यावर कागदाची बेकरीची टोपी. माझा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ इतकं रडू आलं की टेंपोतून उतरताना पायरी दिसेना.

बेकरीवाली बाई धावतच आली. तुम्ही ह्यांच्या घरच्या का, असं तिने मला जरा रागानेच विचारलं. केव्हाचे उभे आहेत म्हणे. तिने खुर्ची दिली तर बसेनात; बसलो तर हात गाड्यांच्या आड जाईल म्हणतात. पाणी तेवढं प्यायले. ऊन लागतंय म्हणून तिने टोपी घातली. आणि ह्यांचा हात बघून दोन-तीन मोटारी त्या लहान रस्त्याला वळल्या आणि शिव्या देत परत आल्या.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "अहो, चला आता."

"शेपूट आलं नाही अजून," हे म्हणाले.

डॉक्टर पुढे झाले. काका, मी आलोय, माझंच चुकलं, चला, टेंपोत बसा, असं सगळं एका दमात म्हणाले. ह्यांनी त्यांना नीट न्याहाळलं, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसतो की नाही बघावं तसं.

"सायकल कुठंय तुमची?" त्यांनी विचारलं. "शेपूट सायकलवरून येतं."

मी विचारलं, आज मुक्काम कुठे आहे आठवतंय का? त्यांना आठवत नव्हतं. गावाचं नाव? नाही. सकाळी कुठून निघालो? त्यांनी थोडा प्रयत्न केला आणि मान हलवली. मग जरा ओशाळून, पण हात तसाच ठेवून म्हणाले, "बाकीचं गेलं डोक्यातून. एवढंच धरून ठेवलं की आपण हललो तर मागचा माणूस चुकेल."

 डॉक्टरांनी तोंड फिरवलं. मग आपला फोन काढून ते बेकरीच्या भिंतीकडे गेले. मला वाटलं बाईंना कळवतायत. पण ते माझ्या लेकीशी बोलत होते. टेंपोत बसल्यापासून मागच्या दाराने शिरेपर्यंत सगळं त्यांनी तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, काही न गाळता. आणि फोन माझ्या हातात दिला.

तिने गाडी बाजूला घेतली असावी, इंडिकेटरचा टिकटिक आवाज येत होता. मग लेक म्हणाली, "तिथेच होते? एवढा वेळ?"

"तसूभर हलले नाहीत," मी म्हटलं. "तुझी अट हरवण्याची होती."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. म्हणाली, पेट्रोल तर भरून झालंय. मी म्हटलं, मग ते वाया घालवू नकोस. आम्ही समुद्रावर पोचू त्या दिवशी तिकडे ये. ती म्हणाली, बघते. विम्याच्या ऑफिसातल्या माणसाने बघते म्हटलं म्हणजे पुष्कळ झालं.

आता प्रश्न राहिला ह्यांना तिथून हलवायचा. टेंपोवाला म्हणाला, दोघे मिळून उचलू. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो जाऊन चाकातली हवा तपासायला लागला. मी सायकल खाली काढायला लावली. डॉक्टरांना म्हटलं, ती बंडी द्या. त्यांनी मुकाट्याने काढून दिली. ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली आणि तिला परक्या घामाचा वास येत होता. सायकल हातात धरून मी रस्त्याने उलटी मागे गेले, बेकरीच्या पलीकडे, वळसा घालून पार ह्यांच्या नजरेआड होईपर्यंत. तिथे वळले, बंडी नीट केली, आणि सायकलवर बसले.

फाट्याकडे येताना ते मला लांबून दिसले. कागदी टोपी, आणि तो हात. मी जवळ आले तसे ते आणखी ताठ झाले. मी त्यांच्या हाताच्या दिशेने डावीकडे वळले, आणि जाता जाता त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, शेपूट!

त्यांनी हात खाली घेतला. खाली घेताना कळवळले. बेकरीवालीला टोपी परत केली, येतो म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून माझ्या पुढे आले. टेंपो मागून हळूहळू येत होता. झाडांतला रस्ता होता आणि हे शीळ घालत होते. खड्डा आला की न वळता हाताने खूण करत होते.

पुढचं वळण आलं तसे ते घुटमळले. मान वळवून त्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, उजवीकडे. त्याबरोबर ते पुढे गेले, कोपऱ्यावर उतरले आणि हात उजवीकडे करून उभे राहिले. मी त्यांच्या हाताखालून वळले, ते पुन्हा बसले, पुन्हा माझ्या पुढे आले. त्यानंतरच्या वळणावरही तसंच. मी त्यांना वाट सांगत होते आणि तीच वाट ते मला दाखवत होते. मागे टेंपोत दोन माणसं होती, पण त्यातल्या कुणी हॉर्न वाजवला नाही.

एक दिवस ते मलाही विसरतील, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा सरळ दिसलं. त्या विचाराने दुखलं, खूप दुखलं. पण भीती होती ती थोडी कमी झाली. कारण मी कोण हे आठवलं नाही तरी मागून कुणीतरी यायचं आहे, एवढं हा माणूस शेवटपर्यंत धरून ठेवील, अशी माझी आता खात्री आहे.

वसतिगृहाच्या फाटकात सगळे उभे होते. बाई शिट्टी तोंडात धरून, पण ती फुंकायचं त्यांना सुचलं नाही. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं तर हे फाटकातच उतरले, हात आत करून उभे राहिले आणि मला म्हणाले, आधी तुम्ही. मी आत गेले. मग ते आले, आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं की चहा मिळेल का.

जेवताना डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले आणि बंडी परत मागू लागले. उद्यापासून चेन नीट करून मागेच राहीन, टेंपोकडे बघणारसुद्धा नाही, असं शपथेवर सांगायला लागले. मी तोवर सुई-दोरा घेऊन ती बंडी दोन्ही बाजूंनी आत घेतली होती. त्यांना म्हटलं, ही आता तुमच्या खांद्यातून जायची नाही. समुद्रापर्यंत शेपूट मीच.